आजीला ‘का’ विचारू नका

इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेचं पत्र आहे. थोडक्यात असं: शनिवारच्या बालसभेतला एक तास त्यांनी ‘घरचं विज्ञान’ म्हणून राखून ठेवला. मुलांनी घरी मोठ्यांना विचारायचं, फळ्यावर लिहायचं आणि त्यामागचं विज्ञान सगळ्यांनी मिळून शोधायचं. काही महिन्यांतच गाडी रुतली. एकीने लिहिलं, ग्रहणात शिजवलेलं अन्न विषारी होतं. दुसऱ्याने लिहिलं, तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने सगळे आजार बरे होतात. चूक म्हणावं तर घरून फोन येतो, गप्प बसावं तर तेच विज्ञान म्हणून वहीत उतरतं. जुलैत माठाचा प्रयोग दाखवला, तर माठातलं आणि स्टीलच्या पातेल्यातलं पाणी जवळपास सारखंच निघालं. मुलं हसली. प्राचार्यांना प्रदर्शनासाठी ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ अशी पोस्टरं हवी आहेत. सहकारी म्हणतात, हा आजीबाईचा बटवा आवरा, कोर्स राहिलाय. शेवटी एक ओळ आहे: ‘ज्याचे वडील माठ घडवतात त्याच मुलाला मी समजावून सांगायला उभं केलं होतं, पण हल्ली तो शनिवारी येत नाही.’ तास चालू ठेवू की बंद करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र शेवटच्या ओळीपासून वाचायला हवं. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण सगळ्यात आधी निस्तरायचं काम तेच आहे.

त्या मुलाला तुम्ही मानाने उभं केलंत, यात शंका नाही. वर्गाला मात्र ऐकू आलं ते ‘हा कुंभाराचा’. आपल्याकडे आडनाव घेतलं की जात कळते, आणि हे सातवीतल्या मुलाला आपल्याआधी कळलेलं असतं. त्यात नेमका त्या दिवशी माठ चालला नाही आणि ते हसू जाऊन पडलं त्याच्या वडिलांच्या हातच्या कामावर. त्याला एकट्याला गाठून सांगा की प्रयोगाचा महिना तुमचा चुकला, माठात खोट नव्हती. हे खरंच आहे, ते कसं ते खाली येईलच. नंतर हेच वाक्य वर्गालाही सांगा, त्याचं नाव न घेता.

पुढच्या वेळी प्रश्न सगळ्यांना एकच टाका: तुमच्याकडे उन्हाळ्यात प्यायचं पाणी कशात ठेवतात? माठ, फ्रिज, ओलं फडकं गुंडाळलेली बाटली, दुकानातून येणारा गार पाण्याचा कॅम्पर, काय येईल ते येऊ द्या. माठ घडवणाऱ्याकडूनच ऐकायचं असेल तर वर्ग घेऊन त्यांच्या कामाच्या जागी जा. आधी स्वतंत्रपणे विचारा, बसायला खुर्ची द्या आणि वार्षिक समारंभाला डॉक्टरांना बोलावताना जे मानधन देता तेच त्यांनाही द्या. मातीत काय किती मिसळतात हे त्यांना सांगायचं नसेल तर खोदून विचारू नका. त्यावर त्यांचं घर चालतं.

आता तासाबद्दल. दर शनिवारी तुम्हाला न्यायाधीश होऊन निकाल द्यावा लागतो, कारण मुलांना दिलेला प्रश्नच तसा आहे. ‘यामागचं विज्ञान काय?’ असं विचारलं की विज्ञान आहेच हे आधीच मान्य होऊन बसतं. आणि मुलं घरी जाऊन विचारतात ‘का’. आजीला ‘का’ विचारलं की ती ऐकलेलं सांगते: कथेतलं, टीव्हीवरचं, हल्ली मोबाइलवर आलेलं. ‘काय करतेस’ विचारलं की हाताला ठाऊक असलेलं सांगते. म्हणून घरी न्यायच्या चिठ्ठीवर तीनच प्रश्न ठेवा. काय करता? किती आणि केव्हा? आणि नाही केलं तर काय बिघडतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे भाकीत असतं, आणि भाकीत पडताळता येतं. त्यात घरातल्या कुणाचा पाणउतारा होत नाही, फोनही बरेचसे थांबतील.

तांब्याचंच घ्या. ‘का’ला उत्तर मिळालं, ‘सगळे आजार बरे होतात’. त्याच आजीला विचारायला सांगा की तांब्या-पितळेच्या भांड्यात काय ठेवत नाही. ती लगेच सांगेल: ताक, चिंचेचं सार, लिंबाचं सरबत. ठेवलं तर कळकतं, म्हणून कल्हई लावून घ्यायची. हे ज्ञान पहिल्या वाक्याहून कितीतरी वजनदार आहे, कारण त्याला मर्यादा आहे. पोस्टरवर आल्यावर गळते ती नेमकी मर्यादाच.

शिवाय ते तुमच्या धातूंच्या धड्यात अलगद बसतं. आंबट पदार्थातलं आम्ल तांबं विरघळवतं आणि ते अन्नात उतरतं. घरातल्या वायरिंगची जुनी, काळवंडलेली तांब्याची तार घ्या, बोटभर लांबीचे दहा-बारा तुकडे करा आणि अर्धी वाटी लिंबाच्या रसात चमचाभर मीठ घालून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी तार उजळलेली दिसेल. ती काढून घ्या आणि त्याच रसात पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा सोडा. काही तासांत खिळ्यावर तांबूस पुट चढायला लागतं. फसतं कुठे? मोटारीच्या गुंडाळीची तार घेतली तर तिच्यावर व्हार्निश असतं, रस आत पोचतच नाही. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा घेतला तर पुट काळपट येतं. रस कुणी चाखायचा नाही, नंतर ओतून टाकायचा. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात कल्हई करणारा भेटला तर मुलांना उघड्यावर, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं करून दाखवा. तो तापल्या भांड्यावर टाकतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, आणि मगच कथील धरतं.

उरलं ‘सगळे आजार’. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही रोगजंतू मरतात हे प्रयोगशाळांत तपासलेलं आहे. पाण्यातलं फ्लोराइड किंवा नायट्रेट मात्र त्याने जात नाही. शाळेत जंतू वाढवून बघायच्या फंदात पडू नका, ते धोक्याचं आहे. फळ्याच्या कडेला चार रकाने आखा: आपण तपासलं, दुसऱ्यांनी तपासलंय, तपासायचं राहिलंय, आणि तपासायचा हा प्रश्नच नाही. ‘काही जंतू मरतात’ दुसऱ्यात, ‘सगळे आजार’ तिसऱ्यात. शनिवार संपताना प्रत्येक वाक्यावर बरोबर-चूक मारायलाच हवं, असं कुठे आहे? तिसरा रकाना भरलेला राहिला तरी तास वाया गेला असं समजू नका. चौथा रकाना लहान दिसतो, पण तोच तुम्हाला वाचवेल. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला मातीचा करा दान देतात, त्याला हळदकुंकू लावतात. त्यात विज्ञान हुडकायचं काही कारण नाही. चैत्र-वैशाखात तहानलेल्याला पाणी द्यावं, एवढं पुरेसं आहे.

आता माठ. जुलैत तो का रुसला, यात पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा जास्त शिकण्यासारखं आहे. माठ पाणी गार करतो ते अंगातून झिरपलेलं पाणी हवेत उडून जातं म्हणून. हवा आधीच दमट असेल तर ते उडणार कुठे? एक थर्मामीटर कोरडा आणि दुसऱ्याच्या टोकाला ओलं सुती फडकं, असे दोन शेजारी टांगा आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घाला. ओल्या थर्मामीटरचा आकडा जिथे थांबतो, तिथवर माठ जास्तीत जास्त पोचू शकतो. एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओला थर्मामीटर सुमारे २१ दाखवतो, म्हणजे १७ अंशांचा वाव. जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तो २६च्या आसपास अडतो. वाव जेमतेम ३ अंशांचा, आणि माठ तेवढंही गाठत नाही, कारण बाहेरची उष्णता आत येतच असते. मुलं हसली तेव्हा प्रयोग फसला नव्हता; तो आर्द्रता मोजत होता.

एप्रिलमध्ये असा करा. रंग किंवा वार्निश नसलेले दोन लहान माठ एकाच ठिकाणाहून घ्या, एक दिवस पाण्याने भरून ठेवा, ते पाणी टाकून द्या. एका माठाला बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा. तिसरं स्टीलचं पातेलं. तिन्हींत एकाच बादलीतलं २-२ लिटर पाणी घाला, झाकणं सारखी ठेवा आणि वारा खेळतो अशा सावलीच्या व्हरांड्यात ठेवा. पिशवीतला माठ महत्त्वाचा. तो नसला तर ‘मातीच थंड असते’ म्हणणाऱ्या मुलाला तुमच्याकडे उत्तर नाही. थर्मामीटर दोऱ्याने मधोमध लोंबता ठेवा, भिंतीला टेकला की आकडा फसवतो. दर अर्ध्या तासाने वाचन, चार तास. तुमचा तास ४० मिनिटांचा, तेव्हा प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीनंतरपर्यंत पाळ्या लावून द्या.

वजनही करा. स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा चालतो, पण माठ आणि पाणी मिळून ५ किलोच्या पुढे गेले की काटा नुसता चूक दाखवतो. म्हणून माठ लहान. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. २ लिटर पाणी एक अंश गार करायला सुमारे ८४०० ज्यूल काढावी लागतात, म्हणजे साडेतीन ग्रॅम पाणी. दहा अंशांना निदान ३५ ग्रॅम. प्रत्यक्षात वजन याहून जास्त घटतं. ते का, हे मुलांकडूनच काढून घ्या. माठाखाली ताटली ठेवून ठिबकलेलं पाणी त्यातून वजा करायला विसरू नका, ते उडालेलं नाही.

मग घरचे नियम तपासायला घ्या. ‘माठ साबणाने धुऊ नये.’ ‘जुना माठ गार करत नाही.’ दोन्हींच्या मुळाशी माठाची बारीक छिद्रं आहेत. बोअरिंगच्या जड पाण्यातले क्षार ती हळूहळू बुजवतात. जुना-नवा माठ शेजारी ठेवला की आकडे सांगतील. ‘माठाचं पाणी पचायला हलकं’ हे तिसऱ्या रकान्यात.

इथे शब्दांचीही एक मेख आहे. तुमच्या डोक्यात बाष्पीभवन, पुस्तकात वाष्पन, घरी कुणाकडे माठ, कुणाकडे मटका. माळवी, निमाडी, सिंधी, भिली बोलणारी मुलं एका बाकावर बसतात, आणि आपण मराठी मंडळी ‘घरचं’ म्हटलं की नकळत आपलंच घर धरतो. मुलाच्या घरचा शब्द फळ्यावर आधी लिहा, पुस्तकातला त्याखाली.

ग्रहणाच्या अन्नाचा निकाल तोंडी देऊ नका. ग्रहणाच्या दिवशी एक वाटी भात ठेवून बघितला तर तो नासणार आणि मुलं म्हणणार, बघा! आपल्याकडच्या उन्हाळ्यात शिजलेला भात ग्रहणाशिवायही काही तासांत नासतो. म्हणून तेवढाच भात, तशाच वाटीत, तितकाच वेळ, साधारण तेवढ्याच तापमानाच्या साध्या दिवशीही ठेवायचा. दोन्ही दिवशी एक वाटी तुळशीचं पान घालून, एक बिनपानाची. वास आणि बुरशी कधी दिसली ते लिहायचं, चाखायचं नाही. २ ऑगस्ट २०२७ला, सोमवारी, आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे, दुपार कलल्यावर. ऑगस्टातले ढग वाट देतील तेव्हा खरं, पण तयारी ठेवा. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच अजिबात नको. आरशावर बोटाच्या टोकाएवढं भोक सोडून कागद चिकटवा आणि कवडसा १० मीटर लांबच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. सूर्याची ९ सेंटिमीटरची प्रतिमा सबंध वर्गाला एकदम दिसते.

हळदीच्या पट्टीने आम्ल-अल्क ओळखायचा प्रयोग तुम्ही करतच असाल. दोनच सूचना. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, हाताला लावायच्या पातळ सॅनिटायझरमध्ये उतरतो. आणि झेरॉक्सचा कागद बऱ्याचदा मुळातच अल्कधर्मी असतो, तो पट्टीला आधीच लालसर झाक देतो, म्हणून गाळणकागद घ्या. हळद आम्ल आणि साधं पाणी यांत फरक दाखवत नाही. तिथे जास्वंद हवी.

प्राचार्यांशी वाद घालू नका, त्यांच्याच हातातलं हत्यार वापरा. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या ४.२७ या परिच्छेदात भारतीय ज्ञानपरंपरा आणि आदिवासी ज्ञान शिकवायला सांगितलं आहे, पण अचूक आणि शास्त्रीय रीतीने. ‘सगळं ठाऊक होतं’ हे पोस्टर त्या अटीत बसत नाही. त्याऐवजी पावसाची नक्षत्रं मांडा. पंचांगात मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ला, आणि पुढचं प्रत्येक नक्षत्र १३-१४ दिवसांचं. सूर्य कुठे आहे हे सांगणारं ते कॅलेंडर आहे आणि शेतकऱ्याने त्यावर पेरण्या बसवल्या. त्याच पानावर नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं: बेडूक, मोर, गाढव. पाऊस किती पडेल ते त्यावरून सांगतात. ते सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांतलं अंतर मोजून, भागाकाराच्या बाकीवरून ठरतं, ढगांकडे बघून नाही. एकाच ओळीत एक मोजमाप आणि एक भाकीत, मुलांना वेगळं करून दाखवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

पाऊस मोजायला सरळ भिंतींच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवा, झाडांपासून दूर गच्चीवर ठेवा, रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याचीही तीच वेळ. ‘भरपूर’ म्हणजे किती मिलिमीटर हे मृग लागण्याआधी लिहून सही करून ठेवा, नाहीतर पाऊस पडल्यावर प्रत्येक वाहन खरं ठरतं. एका पावसाळ्यात आठ-नऊच नक्षत्रं मिळतील, तेवढ्यावर निकाल लावू नका, वही पुढच्या वर्गाकडे सोपवा. आणि हे कॅलेंडर ऋतूंच्या मानाने सुमारे ७० वर्षांत एक दिवस सरकतं, हेही मांडा. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती, विवेकानंद त्या दिवशी जन्मले; आता ती १४-१५ला येते.

सहल काढायची असेल तर उज्जैनची वेधशाळा तासाभरावर आहे. जाण्याआधी शाळेच्या अंगणात मीटरभर काठी रोवून सर्वांत लहान सावली कधी पडते ते बघा. बारा वाजता नाही पडणार. इंदूरला ती फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४०ला पडते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१०ला. हा घोळ डोक्यात घेऊन गेलेली मुलं तिथल्या सम्राट यंत्रासमोर, म्हणजे सावलीवर वेळ दाखवणाऱ्या मोठ्या घड्याळासमोर, फक्त फोटो काढत उभी राहत नाहीत.

राहिला सहकाऱ्यांचा आक्षेप. कोर्सबद्दल ते बरोबर बोलतायत. वेगळा शनिवार ठेवलात की घरचं ज्ञान गंमत होऊन बसतं आणि खरं विज्ञान सोमवारी सुरू होतं. ते धड्यात घाला, एका धड्याला एक, वर्षाला चार पुरेत. आपल्याच प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला आणि २००२ साली बंद होईपर्यंत खेड्यांतल्या सरकारी शाळांत मुलं स्वतः मोजून, करून विज्ञान शिकत होती. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगालाही गुण होते. तुम्हीही घटक चाचणीत एक प्रश्न माठाच्या कोष्टकावर घाला. गुण आले की वर्ग मनावर घेतो, आणि स्टाफरूमही.

जुलैचं कोष्टक टाकून देऊ नका. आपलं सत्र एप्रिलात सुरू होतं, तेव्हा नव्या सातवीला पहिल्याच आठवड्यात, धड्याचा क्रम मोडून, माठ द्या. त्यांचे आकडे जुन्या कोष्टकाशेजारी डकवा आणि गेल्या वर्षीच्या मुलांना, जी तोवर आठवीत असतील, एका तासापुरतं बोलवा. तो मुलगा आला तर त्याला थर्मामीटर वाचायच्या पाळीत ठेवा, बाकीच्यांसारखाच.